रिपोर्ट चांगला आहे, पण पडदा पाहिला का?

वाचकांचे प्रश्न : मधुमेह, रक्ताचे आकडे आणि डोळे

मधुमेह आणि डोळे या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली आणि बहुतेक पत्रांना रक्ताच्या रिपोर्टच्या झेरॉक्स जोडलेल्या होत्या. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) किती, सगळं पेनाने अधोरेखित केलेलं. पण डोळ्याचा पडदा (रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेला, चित्र उमटवणारा थर) शेवटचा कधी तपासला आणि त्यात काय दिसलं, हे मोजक्याच पत्रांत होतं. मी डोळ्यांची डॉक्टर, दादरच्या माझ्या दवाखान्यातही हेच चालतं. पेशंट आत येतो, खुर्चीत बसायच्या आधी रक्ताचा कागद पुढे करतो आणि मी काय म्हणते याची वाट पाहतो.

मला काळजी वाटते ती याचीच. रक्ताचा रिपोर्ट डोळ्याला धोका किती आहे याचा अंदाज देतो. डोळ्यात आज काय झालंय, हे त्याला माहीत नसतं. भारतातल्या चाळिशीपुढच्या मधुमेहींची एक मोठी पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत साडेबारा टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या आणि चार टक्के लोकांच्या डोळ्यांत नजर जाण्याइतका बिघाड होता. दुखत काहीच नसतं, त्यामुळे तपासणीशिवाय हे समजायला मार्ग नाही.

पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं छापलेली नाहीत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

मी ६३ वर्षांचा, राहणार लालबाग. बेस्टमधून निवृत्त. मधुमेह १७ वर्षांचा. निवृत्तीनंतर रोज सकाळी चालतो, भात एका वाटीवर आणलाय. गेली तीन वर्षं एचबीए१सी ६.८ च्या आसपास आहे. आमचे फॅमिली डॉक्टर इतरांना माझं उदाहरण देतात. गेल्या महिन्यात चष्म्यासाठी गेलो, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके आहेत, डाव्या डोळ्यात थोडी सूज आहे. मला पेपर नीट वाचता येतो. मग खरं काय समजायचं, आकडा की डोळ्याचे डॉक्टर?

काका, दोन्ही खरं आहे.

आधी आकड्याचं बघू. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत चिकटूनच राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन किती टक्के आहे हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. १९६८ च्या सुमाराला तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर हे हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते, तेव्हा मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना हा वेगळा अंश ठळकपणे दिसला. आज आपण रिपोर्ट हातात आल्याबरोबर जो आकडा शोधतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

त्याआधी काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझे वडील गिरणीत होते, त्यांना मधुमेह होता. आई परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायची आणि स्टोव्हवर तापवायची. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर काळजी, विटकरी झालं तर त्या दिवशी वडिलांच्या ताटात भात नाही. त्या एका घटकेपलीकडे त्या रंगाला काही सांगता येत नसे. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचे डोळे गेले आणि घरचे म्हणत राहिले, ‘म्हातारपण आलं.’ म्हणून एचबीए१सीचं महत्त्व मी कधीही कमी करणार नाही.

पण तुमचा ६.८ हा आकडा गेल्या तीन वर्षांचा आहे, आणि मधुमेह सतरा वर्षांचा. बेस्टच्या ड्यूटीत, पाळ्यांमध्ये, जेवणाच्या वेळा हुकत गेल्या त्या काळात आकडा किती होता? पत्रात तुम्ही फक्त निवृत्तीनंतरचे रिपोर्ट जोडले आहेत. माझा अंदाज आहे की आधीचे एवढे चांगले नसावेत. त्या वर्षांत पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत झाल्या. आधी त्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, मग भिंतीला फुगवटे येतात, फुगवट्यांतून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपतं. जुन्या चाळीत भिंतीच्या आतला पाइप झिरपत असतो, पण बाहेरचा रंग शाबूत असतो तोवर कुणाला पत्ता लागत नाही, तसंच हे आहे. झिरपणं पडद्याच्या मध्यबिंदूपर्यंत पोचलं नाही तोवर पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो, चष्म्याच्या दुकानातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ लोकांवर डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. सगळे टाइप १ मधुमेहाचे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे. एका गटाचा एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवला, दुसऱ्याचा ९ च्या. ज्यांच्या पडद्यावर सुरुवातीला काहीच नव्हतं, त्यांच्यात पडदा बिघडण्याचा धोका पहिल्या गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. यातले दोन तपशील तुमच्यासाठी मोलाचे आहेत. पहिला, दोन गटांतला फरक ठळक व्हायला सुमारे तीन वर्षं लागली. दुसरा, अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखे झाले, तरी ज्यांची साखर आधी चांगली होती त्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या गटापेक्षा चांगले राहिले. शरीर जुन्या साखरेची आठवण ठेवतं. तुमच्या पडद्यावर आज जे दिसतंय ते बरंचसं त्या जुन्या वर्षांचं आहे. आणि तुम्ही निवृत्तीनंतर जे कष्ट घेतलेत, तेही तसेच जमा होत आहेत. ते सोडू नका.

आता कामाचं. डाव्या डोळ्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारा फोटो) करून घ्या. दुखत नाही, काही मिनिटांत होतो आणि सूज मध्यबिंदूत आहे की बाजूला आहे ते स्पष्ट दिसतं. बाजूला असेल आणि नजर चांगली असेल तर बऱ्याचदा फक्त लक्ष ठेवावं लागतं. मध्यात असेल आणि नजर उतरू लागली असेल तर डोळ्यात इंजेक्शनं देतात. इंजेक्शन म्हटलं की लोक हादरतात. बधिर करणारे थेंब घालून, बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून, अगदी बारीक सुईने ते देतात आणि काही सेकंदांत होतं. एकाने भागत नाही, पहिल्या वर्षात बरीच घ्यावी लागतात, हे मात्र आधीच माहीत असू द्या. दोन घेतली, बरं वाटलं आणि यायचं थांबले, असे पेशंट मला फार वाईट अवस्थेत परत भेटतात.

आणि काका, एवढ्या सविस्तर पत्रात बीपीचा आकडाच नाही! डोळ्याच्या दृष्टीने तो साखरेइतकाच मोठा आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात टाइप २ (बहुतेकांना असतो तो) मधुमेहाच्या लोकांचं बीपी एका गटात सरासरी १४४/८२ आणि दुसऱ्यात १५४/८७ राहिलं. वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक. तेवढ्याने पडदा जास्त बिघडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. १९९८ पासून ही माहिती आपल्यापाशी आहे, तरी डोळ्याच्या ओपीडीत येणारे पेशंट बीपीची गोळी ‘अधूनमधून’ घेतात. तुम्ही घेत असाल तर रोज घ्या. मोजलं नसेल तर या आठवड्यात मोजा.

वय ४३, डोंबिवली. फोर्टला नोकरी करते. घरी मशीनवर साखर उपाशीपोटी ११० च्या आत-बाहेर आणि जेवणानंतर १५० च्या आसपास येते. पण एचबीए१सी ८.१ आला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. आता सकाळच्या लोकलमध्ये घाम फुटतो, हात थरथरतात, एकदा ठाण्याला उतरून बाकावर बसावं लागलं. पाळीला रक्तस्राव खूप होतो, हिमोग्लोबिन ८.६ आहे. साखर जास्त म्हणजे डोळ्यांना धोका, असं वाचून घाबरले आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत. हिमोग्लोबिन ८.६ हा खूप कमी आकडा आहे. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात.

एचबीए१सी तांबड्या पेशींच्या वयावर अवलंबून असतो, हे वर आलंच. शरीरात लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. जुन्या पेशींना साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. त्यामुळे साखर तेवढीच असूनही एचबीए१सी खोटा वर जाऊ शकतो. हिशेब करून पाहा : ८.१ म्हणजे चोवीस तासांची सरासरी साखर १८६ च्या आसपास हवी. तुमच्या मशीनवर ११० आणि १५० येतायत. हे दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळत नसतील तेव्हा गोळी वाढवण्याआधी थांबून कारण शोधायचं असतं.

उलटही होतं. नुकतंच रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, किडनीच्या आजारात रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील, तर आकडा खोटा खाली येतो आणि माणूस निर्धास्त राहतो. डोळ्यांसाठी हा प्रकार जास्त धोक्याचा. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तरी आकड्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली बरी.

तुम्ही काय करायचं? घाम फुटणं आणि थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. पर्समध्ये ग्लुकोजची पावडर किंवा साखर ठेवा. असं झालं की आधी ती तोंडात टाका, मग मशीनवर मोजा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवा. ती वही घेऊन आजच्या आज डॉक्टरांना भेटा, गोळीचा डोस त्यांनाच ठरवू द्या. त्यांना फ्रुक्टोसामिन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन या तपासण्यांबद्दल विचारा. त्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगतात आणि तांबड्या पेशींवर अवलंबून नसतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोहाची गोळी सुरू करा, ती चहाबरोबर घेऊ नका, आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. पाळीचा त्रास अंगावर काढत नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बायका मी रोज पाहते. मनापासून सांगते, हे सहन करण्यासारखं दुखणं नाही. लोह भरून आल्यावर एचबीए१सी पुन्हा करा. तो बराच खाली आलेला दिसेल, असं मला वाटतं.

डोळ्यांचं म्हणाल, तर ॲनिमिया स्वतःच पडद्याला वाईट. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायूही कमी पोचतो. तुमचा धोका साखरेपेक्षा रक्त कमी असण्याचा जास्त आहे. पडदा एकदा पाहून घ्या, म्हणजे भीतीला काही आधार आहे की नाही तेही कळेल.

आईला (वय ६६, गिरगाव) बारा वर्षं मधुमेह. गोळ्या नीट घेत नव्हती. मेमध्ये एचबीए१सी ११.९ निघाला. इन्सुलिन सुरू केलं, माझ्या बायकोने पथ्य कडक सांभाळलं आणि तीन महिन्यांत ७.४ वर आला. आम्ही आनंदात होतो. पण आता तिला धूसर दिसतं आणि पडदा आधीपेक्षा खराब झालाय म्हणतात. मावशी म्हणते, इन्सुलिन घेतलं की डोळे जातातच. बंद करू का?

बंद करू नका. कृपा करून करू नका.

मावशींनी पाहिलेलं खरं असेल, पण त्याचं कारण वेगळं आहे. बरीच वर्षं चढलेली साखर भराभर खाली आली की आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. डीसीसीटीमध्येही हे दिसलं होतं. पहिल्या वर्षात कडक नियंत्रणाच्या गटात सुमारे १३ टक्के लोकांचा पडदा तात्पुरता बिघडला, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांपेक्षा कमी लोकांचा. पण पुढची वर्षं पाहिली तर कडक नियंत्रणातलेच फायद्यात राहिले. त्यात इन्सुलिन हे विष नाही. जे औषध साखर वेगाने उतरवेल त्याने हे होऊ शकतं. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०१६ मधल्या अभ्यासात डोळ्यांची गुंतागुंत ३ टक्के लोकांत दिसली आणि ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात १.८ टक्के. हल्ली वजन उतरवण्यासाठी हेच औषध मुंबईत पुष्कळ जण घेऊ लागले आहेत. त्यातल्या ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांनी पहिल्या इंजेक्शनआधी पडदा तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आईंच्या बाबतीत मेमध्येच, इन्सुलिन सुरू करताना, थेंब घालून डोळे पाहायला हवे होते. ते कुणी सांगितलं नाही, त्यात तुमचा दोष नाही, आणि सूनबाईंनी घेतलेली मेहनत तर मुळीच वाया गेलेली नाही. आता पडद्याच्या डॉक्टरांकडे दर दोन-तीन महिन्यांनी न्या. पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवत असतील तर लेझर किंवा इंजेक्शन वेळेवर मिळालं की बहुतेकांची नजर टिकते. धूसरपणा सुजेमुळे आहे की मोतीबिंदूमुळे, तेही विचारून घ्या. सगळंच पडद्यामुळे असेल असं नाही.

महिन्याभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. दुकानदार म्हणतो नवीन करा. मधुमेह नुकताच निघालाय. (वय ४८, मुलुंड)

करू नका, एवढ्यात नको. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि नंबर सरकतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. तोवर जुन्या चष्म्यावर भागवा. आणि मधुमेह ‘नुकताच’ निघालाय म्हणून पडद्याची तपासणी पुढे ढकलू नका. टाइप २ मधुमेह निदान होण्याआधी कित्येक वर्षं अंगात असू शकतो, म्हणून पहिली तपासणी निदानाच्या वेळीच करायची असते.

आमच्या सोसायटीत (बोरिवली) रक्ततपासणीचं शिबिर झालं. मधुमेहींसाठी मोठं पॅकेज होतं : सीआरपी, होमोसिस्टीन, व्हिटॅमिन डी आणि बरंच काही. त्यावरून डोळे आणि हृदयाचा धोका आधीच कळतो असं सांगितलं. मी व मिस्टरांनी दोघांनी केलं, रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत चार-पाच आकडे आलेत. रात्रभर झोप नाही.

झोपा, ताई. सीआरपी (अंगातल्या सुजेची खूण) सर्दीतापात वाढतो, दात सुजला तरी वाढतो. त्यावरून तुमच्या पडद्याचं निदान कुणी करू शकत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींचा डोळ्यांच्या आजाराशी संबंध आहे का, यावर संशोधन झालेलं आहे, चालूही आहे. पण हजार मधुमेहींच्या गटात सरासरी फरक दिसणं वेगळं आणि समोर बसलेल्या एका बाईंना सांगता येणं वेगळं. आज माझ्या ओपीडीत यांपैकी एकाही आकड्याने उपचार बदलत नाही. नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचं नाव तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी ते वेगळं काढलं आणि आजची डोळ्यांतली इंजेक्शनं त्यालाच रोखतात. पण ते डोळ्याच्या आत वाढतं. दंडातून काढलेल्या रक्तात मोजून डोळ्याची स्थिती कळत नाही.

ज्यांनी उपचार खरोखर बदलतात त्या तपासण्या साध्या आहेत आणि महापालिकेच्या रुग्णालयातही होतात : एचबीए१सी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारं), कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी). आणि एक लघवीची, जी लोक हमखास विसरतात. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण ३० च्या वर गेलं की किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या असं समजतात. किडनी आणि पडदा, दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या तितक्याच नाजूक. एक गळू लागली की मी दुसरीकडे डोळे उघडे ठेवून पाहते. नेफ्रॉलॉजीकडून आलेल्या पेशंटचा पडदा मी त्याच दिवशी बघते, पुढची तारीख देत नाही.

ट्रायग्लिसराइडबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे नवी आशा आहे. फेनोफायब्रेट ही चरबी कमी करणारी जुनी गोळी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲकॉर्ड-आय अभ्यासात स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर ती घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्के लोकांचा पडदा चार वर्षांत जास्त बिघडला, न घेणाऱ्यांपैकी १०.२ टक्के लोकांचा. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लेन्स या अभ्यासातही, सुरुवातीचा पडद्याचा आजार असलेल्यांमध्ये, तो पुढे सरकण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. किडनी अशक्त असेल तर फेनोफायब्रेट चालत नाही, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून केमिस्टकडून परस्पर आणू नका. पण पडद्यावर सुरुवातीच्या खुणा असतील तर आपल्या फिजिशियनला ‘मला उपयोगी पडेल का?’ एवढं जरूर विचारा.

मुलगी २९ वर्षांची, वयाच्या तेराव्या वर्षापासून टाइप १. लग्नाला दोन वर्षं झाली, आता मुलाचा विचार करतायत. डोळ्यांची भीती वाटते. (विलेपार्ले)

गरोदर होण्याआधी पडदा तपासा, ही पहिली गोष्ट. गरोदरपणात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो. आधीच लेझरची गरज असेल तर ते आधी उरकून घेणं सोपं. नंतरही लागलं तर लेझर गरोदरपणात करता येतं, इंजेक्शनं मात्र आम्ही शक्यतो टाळतो. दिवस राहिल्यावर दर तिमाहीला आणि बाळंतपणानंतर वर्षभर तपासणी ठेवा. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे एचबीए१सी थोडा कमीच दिसतो. तेव्हा बोटातून मोजलेल्या साखरेवर जास्त भिस्त ठेवा. योग्य काळजी घेऊन अशा कितीतरी मुली सुखरूप आई झालेल्या मी पाहिल्या आहेत. (ज्यांना फक्त गरोदरपणापुरता मधुमेह होतो, त्यांना ही पडद्याची तपासणी लागत नाही.)

टॅक्सी चालवतो, राहणार शिवडी, वय ५२. शुगर आठ वर्षं. डोळ्यांत थेंब घातले की पूर्ण दिवस गाडी बंद, धंदा बुडतो. थेंबांशिवाय तपासणी होते का?

दादा, होते, आणि हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचे आभार, कारण याच कारणाने कित्येक जण येत नाहीत आणि सांगतही नाहीत. थेंबांशिवाय पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे आता बऱ्याच मधुमेहाच्या दवाखान्यांत आहेत. फोटो स्वच्छ आला आणि त्यात काही नसेल तर वर्षभराची तपासणी झाली. बाहुली बारीक असेल किंवा मोतीबिंदू सुरू झाला असेल तर फोटो धुरकट येतो. तेव्हा, किंवा फोटोत काही दिसलं तर, थेंब घालावेच लागतात. त्या थेंबांचा असर सहसा चार-सहा तास राहतो, एखाद्याला जास्तही. गाडी गॅरेजला द्यायची असेल त्याच दिवशी तपासणी ठेवा. शिवडीहून केईएम रुग्णालय जवळ आहे, सायन आणि नायरलाही डोळ्यांचा विभाग आहे. सकाळच्या ओपीडीला जा, काळा चष्मा न्या, येताना स्टिअरिंगला हात लावू नका. घरात कुणाला काचबिंदू असेल तर थेंब घालायच्या आधी सांगा.

रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसत असतील, तर ते आधी सांगा, कारण तो मोतीबिंदूही असू शकतो. पुढे कधी पूर्ण पडद्याला लेझर करावं लागलं, तर अंधारात आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. तुमच्या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे, म्हणून लेझरआधी ‘मी रात्रीची गाडी चालवतो’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि अचानक डोळ्यापुढे काळे ठिपके पडले, कोळ्याच्या जाळ्यासारखं तरंगू लागलं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यागत झालं, तर त्या दिवशी भाडं घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात या, गाडी दुसऱ्याला चालवू द्या.